करड्या कागदांचा शोध

‘संदर्भ कुठे आहेत?’ हा प्रश्न आमच्या मुलांना जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा तो दुसऱ्या कुणाला विचारला जात असेल असे मला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने संशोधनासाठी विषय मांडला. विषय त्याच्याच तालुक्यातील गावबहिष्कारांचा होता. महारवतन संपण्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ. समितीतील एका विद्वानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, “याला लेखी पुरावा काय? आजीने सांगितलेल्या गोष्टींवर पीएच. डी. होत नसते.” विद्यार्थी उत्तर न देता खाली बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं कागदच नव्हता. पुरावा कुठनं आणू?”

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. आमच्या हाती कागद नव्हता; पण आमच्याविषयी कागद लिहिणारे हात पुष्कळ होते. मामलेदार लिहीत होता, कलेक्टर लिहीत होता, शाळा तपासनीस लिहीत होता, कायदेमंडळात प्रश्नोत्तरे होत होती, समित्या नेमल्या जात होत्या आणि त्यांचे अहवाल सरकारी छापखान्यात छापले जात होते. हे सारे कागद आजही आहेत. पैकी बरेचसे आता संगणकावर, फुकट, कुणाच्याही परवानगीची याचना न करता वाचता येतात. मात्र ते पुस्तकांच्या दुकानात नाहीत, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कपाटात नाहीत, आणि म्हणून ते आहेत हेच आपल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना ठाऊक नसते. प्रस्तुत लेख त्या शोधाविषयी आहे. मी ग्रंथपाल नाही. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि जे काही येते ते ठेचा खाऊन शिकलेले आहे.

ग्रंथालयशास्त्रात अशा कागदांना ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. मराठीत करडे साहित्य म्हणू. १९९७ साली लक्झेंबर्ग येथे भरलेल्या या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची जी व्याख्या ठरली तिचा आशय असा : शासन, विद्यापीठे, उद्योग अशा सर्व पातळ्यांवर निर्माण होणारे, छापील वा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील, पण व्यापारी प्रकाशकांच्या ताब्यात नसलेले साहित्य. समित्यांचे अहवाल, कायदेमंडळाची कामकाजे, जनगणनेचे खंड, संस्थांचे वार्षिक वृत्तान्त, अप्रकाशित प्रबंध, परिषदांत वाचलेले निबंध, ठराव, निवेदने, पत्रके ही सगळी या वर्गात मोडतात. व्याख्या परदेशी ग्रंथपालांनी केली असली तरी वस्तू आपल्या पूर्ण ओळखीची आहे. गोपाळबाबा वलंगकरांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली निघाले ते पुस्तिकेच्या रूपात. दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा लोकांच्या हातात पडला तो पत्रक म्हणून. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ साली सायमन कमिशनला दिलेले निवेदन हेही त्याच जातीचे. आपल्या चळवळीने लिहिलेले बहुतेक सारे करडेच आहे, कारण प्रकाशक आपल्या दारात येत नव्हता. घरोघरी या साहित्याला एकच नाव असते, रद्दी. दिवाळीच्या साफसफाईत ती जाते.

या कागदांची ताकद काय असते हे बाबासाहेबांइतके कुणी ओळखले नव्हते. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ अंदाजपत्रके, जमाखर्चाची विवरणे आणि सरकारी अहवाल चाळून उभा केलेला आहे. पण मला येथे दुसरे उदाहरण सांगायचे आहे, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले होते.

मुंबई कायदेमंडळात डॉ. पी. जी. सोळंकी यांनी मांडलेल्या ठरावावरून सरकारने १९२८ साली एक समिती नेमली. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे आय. सी. एस. अधिकारी. सदस्यांत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा. समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये सादर झाला. मागासवर्गाची विभागणी अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागासवर्ग अशी तीन भागांत करावी अशी शिफारस त्यात आहे. ‘इतर मागासवर्ग’ हा शब्दप्रयोग आज ज्यांच्या तोंडी चोवीस तास असतो त्यांनी तरी हा अहवाल उघडून पाहायला हरकत नाही.

या अहवालात बहिष्कारावर एक मोठा परिच्छेद आहे. सार्वजनिक विहिरी, रस्ते, शाळा यांवरील हक्क कागदोपत्री दिले तरी ते बजावता का येणार नाहीत, याचे कारण समिती सांगते. पहिली भीती उघड मारहाणीची. दुसरी त्याहून खोल : अस्पृश्यांना स्वतःचे उपजीविकेचे साधन नाही. कुणी मालकाच्या मर्जीवर टिकणारे कूळ आहे, कुणी शेतमजूर आहे, कुणी गावकामाबद्दल मिळणाऱ्या भाकरतुकड्यावर आणि धान्यावर जगतो. त्यामुळे जमीन काढून घेणे, काम बंद करणे, बलुते थांबवणे ही हत्यारे गावाच्या हाती आहेत. नेहमीच्या वाटा बंद होतात, वाणी मीठमिरची विकत नाही. आणि हे कशासाठी? कधी विहिरीवर पाणी भरल्याबद्दल, कधी कुणी जानवे घातले म्हणून, कधी जमीन विकत घेतली म्हणून, चांगले कपडे-दागिने घातले म्हणून, नवरदेव घोड्यावरून रस्त्याने गेला म्हणून.

विद्यार्थ्याची आजी जे सांगत होती ते हेच. फरक एवढाच की हे सरकारी छापखान्यात छापलेले होते.

पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना सादर केली, तिच्यात बाबासाहेबांनी हा उतारा जसाच्या तसा पुढे ठेवला. त्याला जोडून बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवणारी कलमे सुचवली, आणि ती रचताना १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. एका प्रांताचा समिती-अहवाल आणि दुसऱ्या प्रांताचा कुणाच्या ध्यानीमनी नसलेला कायदा, या दोन करड्या कागदांवर ती मागणी उभी होती. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ चा, आणि तो अमलात आला २०१७ साली. ती योजना महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे, आणि हे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. तिथून मूळ अहवालाकडे जाता येते. शोधाची ही पहिली युक्ती : आपल्या माणसाने कोणता कागद वापरला ते पाहायचे आणि त्या कागदाच्या मागावर निघायचे.

आता अडचणीकडे येऊ. मी हा अहवाल पहिल्यांदा शोधला तेव्हा संगणकावर ‘दलित’ हा शब्द टाकला होता. काहीच हाती लागले नाही. मग ‘अनुसूचित जाती’ टाकून पाहिले, तरी तेच. याचे कारण उमगायला मला दिवस लागले, आणि ते उमगल्यावर जे वाटले ते सांगितले पाहिजे. जुन्या कागदांत आपण आपल्या नावाने राहत नाही. १९३० च्या कागदात आपण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ आहोत. ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव १९३५ च्या कायद्याने आले, त्यामागे जाऊन ते शोधण्यात अर्थ नाही. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत कित्येक कागदांत आपल्याला ‘हरिजन’ केलेले आहे. वतनाविषयीचे कागद हवे असतील तर ‘इन्फिरिअर व्हिलेज सर्व्हंट्स’ म्हणजे हलके गावनोकर असे टाकावे लागते. १९५८ च्या वतन-निर्मूलनाच्या कायद्याच्या नावातही ते ‘इन्फिरिअर’ तसेच आहे. भटक्या-विमुक्तांच्या कार्यकर्त्यांना तर ‘क्रिमिनल ट्राइब्ज’ टाकल्याशिवाय आपले आजे-पणजे भेटत नाहीत. ज्या शिवीविरुद्ध आपण आयुष्यभर लढतो तीच बोटांनी टाइप करावी लागते. माझ्या वर्गातील एका मुलीने त्या वेळी सरळ हात आखडता घेतला. मी तिला आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच येऊन बसली आणि वहीत तिने दोन रकाने पाडले : एका बाजूला त्यांनी ठेवलेले नाव, दुसऱ्या बाजूला आपण घेतलेले. अशी वही प्रत्येक अभ्यासकाजवळ असावी.

हे शब्द रोमन लिपीत टाकायचे असतात आणि तिथे आणखी एक घोळ आहे, स्पेलिंगचा. वतन हे डब्ल्यूनेही लिहितात आणि व्हीनेही. इंग्रज अधिकारी महारचे स्पेलिंग कधी ‘म्हार’ असे करतो. पुणे ‘पूना’ आहे, सोलापूर ‘शोलापूर’, ठाणे ‘ठाना’, रायगड जिल्हा १९८१ पर्यंत ‘कुलाबा’. महाड शोधायचे तर कुलाब्यात शोधायचे. मराठवाड्याच्या मुलांनी मुंबई इलाख्यात शोधून उपयोग नाही. तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्याचे कागद हैदराबाद संस्थानाच्या नावाखाली आहेत आणि महसुलाचे बरेचसे उर्दूत आहेत. विदर्भाचे कागद ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या नावाखाली आहेत. नागपूरच्या एका शिक्षक मित्राने मुंबई कायदेमंडळाचे खंड महिनाभर चाळले आणि मग कपाळावर हात मारून घेतला! १९६० पूर्वी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते, ही गोष्ट आपण शाळेत शिकवतो, पण शोधताना विसरतो. अलीकडे औरंगाबाद आणि अहमदनगर यांची नावे बदलली. पुढच्या पिढीच्या वहीत आणखी दोन ओळी वाढणार.

संग्रहांपैकी सर्वांत मोठा इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ साली ब्रूस्टर काहल यांनी अमेरिकेत सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी योजनेत स्कॅन झालेली लाखो पुस्तके आज तिथे आहेत. त्या योजनेचे स्वतःचे संकेतस्थळ काही वर्षांनी बंद पडले. कार्ल मालामुड यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने प्रती आधीच उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या होत्या म्हणून त्या राहिल्या. सार्वजनिक पैशातून झालेले काम परक्या देशातील एका खासगी संस्थेच्या खटपटीने वाचावे, यावर काय बोलावे! त्यातून माझ्यापुरता मी एक नियम केला : जे सापडेल ते त्याच दिवशी उतरवून घ्यायचे आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवायची.

या पुस्तकांची नावे नोंदवताना झालेल्या चुका इतक्या विलक्षण आहेत की त्यांचाच एक अभ्यास व्हावा. मराठी नावे रोमन लिपीत अशी काही लिहिली आहेत की एका ‘आ’साठी दोन ए, एका ‘ई’साठी दोन आय, ‘ष’साठी एस आणि दोन एच. लेखकाच्या जागी प्रकाशक, वर्षाच्या जागी भलताच आकडा. म्हणून पूर्ण नावाने शोधू नये. नावातील एखादा नेमका शब्द घ्यावा, तो दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावा. इंग्रजी कागदांसाठी तिथेच ‘मजकुरात शोधा’ अशी सोय आहे, ती निवडली म्हणजे केवळ शीर्षके न पाहता आतील पानेही धुंडाळली जातात. येथे यंत्राच्या डोळ्यांवर फार विसंबू नये. पुसट छपाईत ते एच आणि बी यांची गल्लत करते. ‘महार’चा ‘मबार’ होतो, ‘महाड’चे ‘मबाड’. मी आता हे चुकीचे शब्दही मुद्दाम टाकून पाहते, आणि त्यांनी मला दोनदा हात दिला आहे. देवनागरी मजकुराच्या जुन्या स्कॅनमध्ये तर यंत्राला बहुधा काहीच वाचता आलेले नसते. तेथे पाने एकेक उलटण्याला पर्याय नाही.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपल्याकडील जुने अहवाल संगणकावर खुले केले आहेत. समित्या, आयोग, प्रांतिक प्रशासन यांच्या कागदांसाठी मी आधी तिथे जाते, कारण नोंदी त्या मानाने नीट आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आहे. नाव नोंदवावे लागते, पण पैसे पडत नाहीत. तिथे फाइलीच्या विषयावरून शोध होतो, म्हणजे कारकुनाने फाइलीवर जे शीर्षक लिहिले तेवढेच दिसते. त्यामुळे कारकुनासारखा विचार करायला शिकावे लागते : ‘अन्याय’ हा शब्द त्याने कधीच लिहिला नसता, त्याने ‘तक्रार’, ‘अर्ज’, ‘निवेदन’ असे लिहिले असते. संसदेचे स्वतःचे डिजिटल ग्रंथालय आहे. अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांचे वार्षिक अहवाल १९५१ पासून संसदेपुढे येत राहिले. अस्पृश्यता आणि अनुसूचित जातींच्या आर्थिक-शैक्षणिक विकासावरील एलिया पेरुमल समितीचा १९६९ चा अहवालही त्यातलाच. पँथरच्या पिढीला अस्वस्थ करणाऱ्या कागदांत हा एक होता, पण त्याचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल याची मला शंका आहे. सफाई कामगारांचे प्रश्न हाताळणाऱ्यांनी मुंबई राज्याची बर्वे समिती आणि तिच्यानंतरची १९६० ची मलकानी समिती यांचे अहवाल पाहावेत. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याच्या शिफारशी किती जुन्या आहेत हे पाहून संताप येतो, आणि मोर्च्याच्या निवेदनात तो तारखेसह घालता येतो.

जनगणनेच्या खंडांत एक ठेवा दडलेला आहे. १९६१ च्या जनगणनेत अशोक मित्र यांच्या देखरेखीखाली देशभरातील निवडक गावांच्या पाहण्या झाल्या आणि एकेका गावावर स्वतंत्र पुस्तिका निघाली. महाराष्ट्रातीलही गावे त्यांत आहेत. कोणाची वस्ती कुठे, विहिरी कोणाच्या, कोण काय काम करतो, घरे कशाची, हे सारे नकाशासह दिलेले आहे. आपले गाव त्यात असेलच असे नाही. शेजारच्या तालुक्यातले असले तरी अभ्यासाला बळ येते.

शोधगंगा बहुतेकांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध तिथे ठेवणे सुरू झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे तिची व्यवस्था आहे. आमची मुले तिचा उपयोग प्रबंधाची प्रकरणे उतरवून घेण्यासाठी करतात, तो करू नये. प्रबंधाची संदर्भसूची आणि परिशिष्टे वेगळ्या फाइलीत असतात, ती आधी उघडावीत. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या कचेरीत बसून उतरवून आणलेला तक्ता तिथे पडून असतो, आणि त्याच्याकडे परीक्षकाखेरीज कुणी पाहिलेले नसते.

न्यायालयाचे निवाडे हाही याच कुळातला कागद. चवदार तळ्याचा खटला १९२७ साली दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव असल्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा तो निकाल. हा निवाडा आज खुल्या संकेतस्थळांवर वाचायला मिळतो, पण ‘चवदार तळे’ टाकून सापडत नाही. वादी नरहरी दामोदर वैद्य, त्यांच्या नावाने तो नोंदलेला आहे. आपल्या लढ्याची फाइल आपल्याला अडवणाऱ्याच्या नावाने लावलेली असते!

कायदेमंडळाच्या कामकाजाचे खंड वाचताना गावाच्या नावाने शोधू नये, सभासदाच्या नावाने शोधावे. सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी. त्या दिवशीच्या चर्चेत कोण काय बोलले हे वाचणे म्हणजे तेव्हाचे पुढारलेले महाराष्ट्र उघडे पाहणे होय. बाबासाहेब १९२७ पासून, दादासाहेब गायकवाड १९३७ पासून सभागृहात होते. त्यांच्या प्रश्नांना सरकारने दिलेल्या उत्तरांत जिल्हा, तालुका, गाव, आकडे येतात.

अहवाल सापडल्यावर त्याचा निष्कर्ष वाचून तो मिटणे ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. खरा माल शेपटीकडे असतो : समिती नेमल्याचा ठराव, पाठवलेली प्रश्नावली, साक्ष देणाऱ्यांची यादी, भिन्न मतपत्रिका. साक्षीदारांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाचे, पेन्शनर सुभेदाराचे नाव भेटते, आणि तिथून त्याच्या नातवंडांच्या घरापर्यंत जाता येते. तसेच, कागद सरकारी आहे म्हणून तो खरा, असेही समजू नये. स्टार्ट साहेब मागासवर्गाच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि तेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. तारेच्या कुंपणामागे माणसे ठेवणाऱ्या व्यवस्थेचे वार्षिक अहवाल मोठ्या नीटनेटक्या, प्रेमळ भाषेत लिहिलेले आहेत. त्या भाषेला भुलणारे अभ्यासक मी पाहिले आहेत. अहवालात जे नाही त्याचाही हिशेब मांडावा लागतो. स्त्रियांची साक्ष तर बहुतेक ठिकाणी नाहीच.

आणि सर्वांत मोठी उणीव ही की या संग्रहांत आपल्याविषयीचे कागद आहेत, आपले स्वतःचे फार थोडे आहेत. जलशांची पुस्तके, परिषदांची हँडबिले, वसतिगृहांचे वृत्तान्त, समता सैनिक दलाच्या पावत्या, जयंतीच्या स्मरणिका, नामांतराच्या काळातील सायक्लोस्टाइल पत्रके कुठे आहेत? काहींचा माग सरकारनेच ठेवला आहे. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याखाली प्रत्येक छापील पुस्तिकेची नोंद होत असे आणि तिची त्रैमासिक यादी सरकार छापत असे : नाव, लेखक, छापखाना, पाने, किंमत, किती प्रती काढल्या. एतद्देशीय वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांशही सरकारसाठी दर आठवड्याला काढले जात. दोन्हींचे काही खंड खुल्या संग्रहांत मिळतात. पुस्तिका नष्ट झाली असली तरी ती होती, अमुक प्रती निघाल्या होत्या, एवढे त्यातून कळते. बाकीचे कागद पत्र्याच्या पेट्यांत आहेत.

माझ्या आज्याच्या पेटीत वतनाच्या जमिनीसाठी केलेल्या अर्जाच्या नकला होत्या, दोन मोडीत. मी बी. ए.ला असताना घराला पत्रे टाकले, तेव्हा त्या भिजल्या आणि चुलीत गेल्या. कुणाला दोष देऊ? मला स्वतःलाच त्यांची किंमत तेव्हा कळत नव्हती.

म्हणून ज्यांच्याकडे अजून पेटी आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते. कागद लॅमिनेट करू नये, टाचण्या काढाव्यात, उन्हात वाळत घालू नये. मोबाइलने फोटो काढला तरी चालेल, पण कागद सपाट, उजेड एका बाजूने, आणि चारही कडा दिसल्या पाहिजेत. छापखान्याचे नाव बहुधा तळाच्या कडेलाच असते. इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही खाते उघडून कागद ठेवता येतात. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही लिहावे, वर्ष, गाव, कोणाच्या घरून मिळाले ते लिहावे. कायद्याचे भय वाटते, तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, आणि विधिमंडळापुढे ठेवलेला समितीचा अहवाल सरकारने मनाई केली नसेल तर त्याआधीही छापता येतो. चळवळीच्या पत्रकांवर हक्क सांगायला बहुधा कुणी येत नाही, तरी लेखकाच्या घरच्यांना विचारावे. ते आपल्यातलेच असतात. मात्र अत्याचाराच्या तक्रारी, खासगी पत्रे, जातीच्या दाखल्यांचे अर्ज असे कागद खुल्यावर टाकताना थांबावे. त्यांत जिवंत माणसांची नावे असतात, आणि ज्या गावात ती राहतात तिथे ते नाव पुन्हा उघड होण्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, त्यांना लागते.

माझ्या विद्यार्थ्याचा विषय दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. स्टार्ट समितीचा परिच्छेद, कायदेमंडळातील सहा प्रश्नोत्तरे आणि आजीची मुलाखत, अशी तिन्ही त्याने टिपणात शेजारी शेजारी ठेवली होती. चष्मेवाले विद्वान त्या दिवशी पाने उलटत राहिले. त्याच्या स्वतःच्या गावाचे नाव मात्र अजून सापडलेले नाही. शेजारच्या गावाचे सापडले, स्पेलिंग चुकलेले. ज्या खंडात आपले असेल असे त्याला वाटते त्याच्या स्कॅनमध्ये नेमकी चार पाने गळाली आहेत. छापील प्रत पाहायला तो येत्या सोमवारी पहाटेच्या एस. टी.ने पुण्याला जाणार आहे. ग्रंथालयासाठी पत्र मी लिहून दिले आहे.